मदत हवी आहे: मटका आणि रमीचा वस्तीनुसार सर्व्हे कसा करायचा?

नमस्कार मंडळी, इचलकरंजीत आमच्या मंडळातर्फे जुगारामुळे घरांचं काय होतं याचा छोटा सर्व्हे करायचं चाललंय, पण दोन भागांत चित्र इतकं वेगळं दिसतंय की एकच फॉर्म चालेल असं वाटत नाही.

यंत्रमागाच्या वस्तीत मटका. आठवड्याचा पगार झाला की टपरीवर चिठ्ठी, दहा-वीस रुपयांचा सिंगल आकडा, लागला तर नऊपट, म्हणून माणूस रोज लावतो. सगळ्या गल्लीला माहीत असतं, आणि बचत गटाचा हप्ता चुकला की बायकांना कारण विचारावं लागत नाही. उलट फ्लॅटच्या भागात कोणी टपरीवर जात नाही, तिथं मोबाईलवर रमी आणि क्रिकेट चालायचं, आणि घरच्यांना कळायचं ते लोन ॲपवाल्यांचे वसुलीचे फोन आल्यावरच. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले खरे, पण कर्ज तर तसंच आहे ना! (मटका तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे, काय फरक पडला ते दिसतंयच.)

तर कोणी असं काम केलंय का? थेट 'जुगार खेळता का' विचारलं की दार बंद, मग उसनवारी, गहाण दागिने यावरून सुरुवात करावी का? फ्लॅटवाल्यांना बोलतं कसं करायचं? आणि टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर जुगाराच्या केससाठी कोणी फोन केलाय का, मराठीत नीट बोलतात का? पोलिसांना कळवा एवढं सोडून काहीही सांगा, नाहीतर वस्तीत परत पाय ठेवता येणार नाही.