पणजीतील नव्या टॉवरमधला ‘पहिला महिना मोफत’ : भाडे नेमके किती धरावे?

मांडवीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे गेली पाच वर्षे पर्वरीला भाड्याच्या घरात राहतो. माझे कार्यालय पाटोला आहे आणि पत्नी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परिचारिका आहे. महामार्गावर उड्डाणमार्गाचे काम सुरू झाल्यापासून तिला पाळीच्या वेळेआधी तासभर घर सोडावे लागते. त्यामुळे यंदा पणजी शहरातच राहायला यायचे आम्ही ठरवले असून दोन घरे पाहून ठेवली आहेत.

पहिले घर फेब्रुवारीत राहण्याचा दाखला मिळालेल्या आठ मजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर आहे. (आठ मजल्यांना टॉवर म्हणणे मुंबईकरांना हसू आणील, पण आमच्याकडे तेच टॉवर.) दोन शयनगृहांच्या या घराचे भाडे ४२,००० रुपये असून मेंटेनन्सचे ४,५०० वेगळे द्यावे लागतील. त्यावर पहिला महिना मोफत, तीन महिने मेंटेनन्स माफ, तीनऐवजी दोनच महिन्यांची अनामत आणि दलाली नाही, अशी सवलतींची यादी छापील कागदावर हाती देण्यात आली. करार अकरा महिन्यांचा आहे. मुदतीआधी घर सोडल्यास माफ केलेला महिना वसूल केला जाईल आणि नूतनीकरणाच्या वेळी आठ टक्के वाढ होईल, हे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे.

दुसरे घर सांतिनेजच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथली लिफ्ट मनात आले तर चालते. भाडे मेंटेनन्ससह ३६,००० आहे, पण एका महिन्याची दलाली आणि तीन महिन्यांची अनामत द्यावी लागेल. पुढच्या वर्षी पाच टक्के वाढवू, असे मालकीणबाईंनी तोंडी सांगितले आहे.

नव्या इमारतीच्या व्यवस्थापकाला मी सरळ विचारले की एवढे सगळे सोडता आहात, तर भाडेच ३८,००० का करत नाही? तो हसून म्हणाला, “भाड्याला हात लावता येत नाही साहेब, हवे तर पाण्याचे गाळणीयंत्र बसवून देतो.” एक महिना सोडायला तयार असलेला माणूस चार हजार कमी करायला तयार का नसतो, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस

आपला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आकडे मांडून घेऊ, कारण ‘मोफत’ हा शब्द ऐकला की भलेभले हिशेब सोडून देतात.

नव्या घराचे दहा महिन्यांचे भाडे ४,२०,००० आणि आठ महिन्यांचा मेंटेनन्स ३६,००० मिळून ४,५६,००० होतात, म्हणजे महिन्याला सुमारे ४१,४५०. सांतिनेजचे अकरा महिन्यांचे ३,९६,००० आणि दलालीचे ३६,००० मिळून ४,३२,००० होतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३९,२७०. पहिल्या वर्षी फरक जेमतेम २,२०० रुपयांचा दिसतो आणि लिफ्ट, वाहन ठेवायची जागा, नवेपणा यांच्या मानाने तो कोणालाही किरकोळ वाटेल. सवलतींची आखणी नेमकी त्यासाठीच केलेली असते.

आता दुसरे वर्ष पाहा. आठ टक्के वाढ ४२,००० वर लागते, आपण प्रत्यक्षात दिलेल्या सरासरीवर नाही. भाडे ४५,३६० होईल आणि पूर्ण मेंटेनन्स धरून महिन्याला ४९,८६० जातील. सांतिनेजला पाच टक्के वाढीने ३७,८०० होतील. म्हणजे २,२०० चा फरक एका उडीत १२,०६० वर जातो. बावीस महिन्यांचा एकत्र हिशेब केला तर नवे घर १०,०४,४६० रुपयांना आणि जुने ८,४७,८०० रुपयांना पडते. सामान हलवण्याचा खर्च, पत्ता बदलण्याचा व्याप आणि पुन्हा घर शोधण्याचा कंटाळा यांमुळे भाडेकरू बारा हजारांसाठीही सहसा हलत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते.

व्यवस्थापक आकड्याला हात लावत नाही याची कारणे तीन. एक, पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर बसते. दुसरे, याच इमारतीतल्या बाकीच्या सदनिका विकायच्या असतील, तर गुंतवणूकदाराला दाखवायला ४२,००० चा करार लागतो. दिल्ली-बंगळूरहून आलेला खरेदीदार वर्षाचे भाडे आणि किंमत यांचे गुणोत्तर पाहतो. मोफत दिलेला महिना करारातल्या भाड्याच्या रकान्यात दिसत नाही, पण ३८,००० हा आकडा दिसला असता. तिसरे कारण शेजारधर्माचे म्हणा. एकाला ३८,००० ला दिल्याचे कळले की पाचव्या मजल्यावरचा दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. पैसे सोडणे त्याला परवडते, आकडा सोडणे परवडत नाही.

तेव्हा आपण यंत्रावर समाधान मानू नये. मोफत महिना अकरा महिन्यांत वाटून टाकला तर भाडे ३८,१८२ होते. करारात तेच भाडे लिहा म्हणावे. तो नाही म्हणेल. मग निदान पुढची वाढ ३८,१८२ या आकड्यावर मोजली जाईल, असे एक वाक्य घालून मागावे. गाळणीयंत्र बाजारात दहा-पंधरा हजारांत मिळते, हे वाक्य त्याहून मोलाचे आहे.

जाता जाता एक बारीक गोष्ट. आपण जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल, तर ती प्रत्यक्ष भरलेल्या भाड्यावरच मिळते. माफ झालेल्या महिन्यात भाडे शून्य असल्याने त्या महिन्याचा भत्ता करपात्र राहतो, त्यामुळे अकरा पावत्या जोडू नयेत. आणि भाडे कधी महिन्याला ५०,००० च्या वर गेलेच, तर त्यातून दोन टक्के उद्गम कर (टीडीएस) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते.

सांतिनेजची भाडेकरू

हिशेब वर उत्तम मांडला आहे. मी फक्त भिंतीबद्दल लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ताळगावला एका नव्याकोऱ्या इमारतीत, असाच एक महिना मोफत मिळाला म्हणून आनंदाने राहायला गेलो. लिफ्टच्या आतले प्लायवूडचे संरक्षक तक्तेही तेव्हा काढलेले नव्हते. एप्रिल-मे सुखात गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्येकडून तिरपा पाऊस सुरू झाला आणि एके सकाळी शयनगृहाच्या खिडकीखाली रंगाचा पापुद्रा पुरीसारखा फुगलेला दिसला. बोटाने दाबला तर आतून पाणी आले. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी भिंतीला पाडलेले भोक नीट बुजवलेले नव्हते, एवढेच कारण होते. तक्रार केल्यावर “इमारतीचा पहिला पावसाळा आहे, सगळ्यांकडेच होते” असे उत्तर मिळाले. ते खरेही असावे, पण कपाटातल्या दोन पैठण्यांना बुरशी लागली ती लागलीच. घर सोडावे म्हटले, तर करारात मुदतीआधी जाण्यास मनाई होती आणि माफ केलेला महिना परत भरायचा होता. शेवटी निघताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापून घेतले, तेही त्याच भिंतीसाठी.

म्हणून आपल्याला एवढेच सुचवते की घर पावसात पाहावे. सहावा मजला आहे, तेव्हा खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे, प्रत्येक खिडकीच्या खालच्या कडेवर तळहात टेकवून पाहावा आणि स्नानगृहाच्या मागच्या बाजूची भिंत विसरू नये. गळती तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर मुदतीआधी सोडण्याची अट लागू होणार नाही, असे लिहून घ्यावे. किल्ली घेतानाच भिंतींची तारखेसह छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत.

सांतिनेजच्या लिफ्टवर मात्र भरवसा ठेवू नये, ती बहुधा आमचीच लिफ्ट असावी.

परतलेला

मी सहा वर्षे अमेरिकेत जर्सी सिटीला होतो. तिथे नवी उंच इमारत भरेपर्यंत हा प्रकार सर्रास चालतो. माझ्या घराची जाहिरात २,४०० डॉलरची होती, करारात भाडे २,६०० लिहिलेले निघाले. करार तेरा महिन्यांचा, त्यातला एक महिना मोफत, म्हणून सरासरी २,४००. नूतनीकरणाचे पत्र आले ते अर्थातच २,६०० वर वाढ लावून. तिथे कारण आणखी उघड असते, कारण बँक इमारतीचे मूल्य करारातल्या भाड्यांवरून ठरवते.

काही मोठ्या कंपन्या तर भाडे ठरवण्याचे काम संगणकप्रणालीवर सोपवतात. रिअलपेज या कंपनीवर अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये खटला भरला. प्रतिस्पर्धी घरमालकांची अप्रकाशित माहिती एकत्र करून ही प्रणाली भाडे सुचवते आणि त्यामुळे स्पर्धा मरते, असा त्यात आरोप होता. पण ऑस्टिनसारख्या शहरात नव्या इमारती एकदम मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या, तेव्हा नुसत्या सवलती पुरल्या नाहीत आणि भाडीही उतरली. पणजीत तेवढी घरे एका वेळी बाजारात येत नाहीत. तरी आपल्या इमारतीत संध्याकाळी सातनंतर किती खिडक्यांत दिवे लागतात, ते रस्त्यावरून मोजून पाहा. चाळीसपैकी दहाच लागत असतील, तर ‘सवलत रविवारपर्यंतच’ वगैरे बोलण्याला घाबरू नये.

जुना पणजीकर

दिवे मोजण्याची सूचना आवडली, पण पणजीत अंधाऱ्या खिडकीचा अर्थ ‘भाडेकरू मिळत नाही’ असाच होतो असे नाही. इथली बरीच घरे बाहेरगावच्या लोकांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलेली असतात आणि डिसेंबरात आठवडाभर उघडतात. काही मालक पावसाळ्यात स्वस्तात भाडेकरू ठेवतात आणि पर्यटकांचा हंगाम आला की त्याला उठवतात. त्यामुळे करार खरोखर अकरा महिन्यांचा आहे ना आणि मालकाला मधेच नोटीस देण्याची मुभा ठेवलेली नाही ना, हे आधी वाचावे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कागदाचा प्रकार. घर विकासकाने स्वतःकडे ठेवलेले, न विकलेले असेल, तर ते उद्या विकले जाणारच. करार ‘लीव्ह अँड लायसन्स’ असेल तर तो केवळ परवाना असतो, आणि मालमत्ता विकली गेली की नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. भाडेपट्टा असेल तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि आपली मुदत टिकते. सवलतीच्या भरात हा फरक कोणी विचारत नाही. परवानाच द्यायचा असेल, तर विक्री झाल्यास दोन महिन्यांची मुदत, अनामत त्याच दिवशी परत आणि हलण्याचा खर्च, एवढे तरी लिहून घ्यावे.

आपण सीमेपलीकडच्या अनुभवावर विसंबत असाल, तर हेही लक्षात ठेवा की महाराष्ट्रात असा परवाना कितीही मुदतीचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे वर्षाच्या आतला करार नोटरीपुढे करून मोकळे होण्याची रीत आहे. अकरा महिने हा आकडा त्यातूनच आला आहे.

सांतिनेजच्या घरासंबंधी एक सांगतो. गोव्यातल्या विवाहित मालकांची मालमत्ता बहुधा पती-पत्नी दोघांची मिळून असते. मालकीणबाई एकट्याच सही करणार असतील, तर यजमानांचीही सही घ्यावी. ते हयात नसतील, तर वारसांपैकी कोण कोण आहेत ते विचारावे. तोंडी पाच टक्क्यांवरही विसंबू नये. बाई शब्दाच्या पक्क्या असतीलही, पण पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा बोलायला येईल. आणि दोन्हीकडे पोलीस ठाण्यातला भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाकडून वेळेवर भरून घ्यावा.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हिशेबनीस यांचा आकड्यांचा कागद घेऊनच गेलो. ३८,१८२ हा आकडा ऐकून व्यवस्थापकाने तो दोनदा स्वतःच्या मोबाइलवर ताडून पाहिला, मग बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलला. परत येऊन म्हणाला की भाडे ४२,००० च राहील, वाढही त्याच्यावरच लागेल, पण दुसऱ्या वर्षीही एक महिना मोफत देता येईल! आकडा सोडायचा नाही म्हणजे काय, ते डोळ्यांनी पाहिले. तो महिना धरूनही बावीस महिन्यांची सरासरी ४३,५९५ येते, म्हणजे सांतिनेजपेक्षा महिन्याला पाच हजारांनी जास्त. शिवाय करार अकरा महिन्यांत संपणार असताना दुसऱ्या वर्षीचा महिना कोणत्या कागदावर लिहिणार, या प्रश्नावर त्याने पाणी मागवले.

कागद लीव्ह अँड लायसन्सचाच आहे आणि घर विकासकाच्याच नावावर आहे. विक्रीसंबंधीचे कलम घालायला “वरून विचारतो” म्हणाला आहे. सातनंतर दिवे मोजले, बत्तीसपैकी नऊ लागले होते.

पत्नीचा कल अजून नव्या घराकडे आहे, कारण रात्रीच्या पाळीहून परतल्यावर तीन जिने चढायची तिची तयारी नाही आणि ते मला मान्य आहे. शनिवारी दोघे मिळून पुन्हा भिंती पाहायला जाणार आहोत. त्या दिवशी पाऊस असला तर बरेच.