मदत हवी आहे: बांगड्याच्या पाऱ्यात (गोव्याचं मसालेदार माशाचं लोणचं) हिस्टामिनचे आकडे जुळत नाहीत

म्हापशेकार:
हिस्टामिन, म्हणजे मासा नीट थंड न ठेवल्यास त्यात तयार होणारं अपायकारक रसायन, मोजायला एकाच बरणीतले दोन नमुने किटवर लावले. एकात किलोमागे ६० मिग्रॅ, दुसऱ्यात १९०. किट बिघडलंय का? माल शुक्रवारी जायचाय, लवकर सांगा.

प्रयोगशाळा:
कुठलं किट? एलायझा (प्रतिपिंडांनी हिस्टामिन ओळखणारं) की रंग येणारं एन्झाइमचं? नमुना कुठून, किती घेतला?

म्हापशेकार:
एन्झाइमचं. दोन बांगड्यांचे तुकडे, ५-५ ग्रॅम, मसाल्यासकट.

दर्यावर्दी:
आधी बर्फ विचारा! मालीमच्या मासेमारी जेटीवर बांगडा उतरतो तेव्हाच ४ अंशांच्या खाली हवा. एकदा हिस्टामिन झालं की उकळून, तळून, गोठवूनही जात नाही.

प्रयोगशाळा:
खरं आहे, पण त्यांचा प्रश्न मोजणीचा आहे. हिस्टामिन माशात सारखं पसरत नाही, शेजारच्या दोन बांगड्यांतही मोठा फरक निघतो. ५ ग्रॅमचा तुकडा फार लहान. पूर्ण मासा बारीक वाटून त्यातले १० ग्रॅम घ्या. शिवाय मिरची-हळदीचा रंग आकडा फुगवतो. म्हणून प्रत्येक अर्काची एन्झाइम न घालता कोरी चाचणी लावा आणि ती वजा करा.

एचपीएलसीवाला:
युरोपला जाणार असेल तर एचपीएलसीच (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रावरची चाचणी) करा, किटवर वेळ घालवू नका. तिथला नियम: लॉटमागे ९ नमुने, सरासरी १०० मिग्रॅ प्रतिकिलोच्या आत, १०० ते २०० मध्ये फार तर दोन, २०० वर एकही नाही.

प्रयोगशाळा:
रोजच्या छाननीला किट पुरतं. संशयित लॉटच एचपीएलसीला पाठवावा.

द्राक्षप्रेमी:
वाईनमध्येही हिस्टामिन असतं. मॅलोलॅक्टिक किण्वनामुळे (जिवाणू वाईनचा आंबटपणा सौम्य करतात ती पायरी) लाल वाईनमध्ये साधारणपणे पांढरीपेक्षा जास्त.

म्हापशेकार:
वाईन नको हो! वाटून, कोरी चाचणी वजा करून लावलं. आता ४५ आणि ५०. पण मीठ भरपूर आहे, विश्वास ठेवू?

प्रयोगशाळा:
लगेच नको, मीठ एन्झाइमला दाबतं आणि आकडा कमी दिसतो. १६६ मिग्रॅ हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइड १०० मिली पाण्यात विरघळवा, म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ हिस्टामिन. १० ग्रॅम वाटणात त्यातलं १ मिली घाला. आकडा १०० ने वाढायला हवा. वाढ ८० ते १२० मध्ये असेल तर चालेल. कमी असेल तर अर्क आणखी पातळ करून पुन्हा लावा, आणि गुणक (जितक्या पट पातळ केलं, तितक्या पटीनं आकडा गुणायचा) बदलायला विसरू नका. बाकी बरण्यांचे नमुनेही असेच, पण वेगवेगळे लावा. सगळे एकत्र वाटलेत तर एखादा वाईट बांगडा सरासरीत लपून जाईल.