मदत हवी आहे : बोर्डिंगहून आलेला बोका जेवत नाहीये

रानजाई

बोका, वय ६ वर्षं, नसबंदी झालेला, पूर्ण घरातला. गणपतीत आम्ही गावी होतो तेव्हा सहा दिवस प्राण्यांच्या बोर्डिंगमध्ये होता. आणला त्या दिवशी वजन ५.८ किलो, आज सकाळी ५.४. आल्यावर एक दिवस बरा खाल्ला, मग शिंका सुरू झाल्या. परवापासून ताटलीपाशी जातो, हुंगतो, एखादा दाणा तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली असते. नाक चोंदलंय. शू दिवसातून दोनदा होते, शी कालपासून नाही, उलटी नाही. गेल्या वर्षीची लस राहून गेली आहे.

ड्राय फूड, उकडलेलं चिकन, बांगडा, सगळं पुढे ठेवून झालं. डॉक्टरांची वेळ उद्या संध्याकाळची मिळालीय. तोवर याला भूक लागावी म्हणून काय करू? मेडिकलमध्ये माणसांचं भुकेचं सिरप मिळतं, ते चालेल का? घरात ३ वर्षांची मनीही आहे, ती ठणठणीत आहे.

खारफुटी

रानजाई, उद्या संध्याकाळपर्यंत थांबू नका, आजच दाखवा. नेहमीचे डॉक्टर नसतील तर जे असतील त्यांना.

घाई का ते सांगते. मांजराचं खाणं तुटलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे धावते. कुत्र्याचं यकृत ती निभावून नेतं, मांजराचं नेत नाही. चरबी यकृतातच साठत जाते, मग कावीळ, आणि कावीळ झाली की उरलीसुरली भूकही मरते. दोन-तीन दिवसांच्या उपासाने हे सुरू होऊ शकतं, आणि अंगाने भरलेल्या बोक्यांना धोका जास्त. तुमच्याकडे ४०० ग्रॅम गेलेत, म्हणजे सुमारे सात टक्के वजन. थोड्या दिवसांत एवढी घट ही मोठीच म्हणायची.

निघण्याआधी दिवसाउजेडात हे पाहून घ्या. हिरडी बोटाने दाबा : पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. फिकट किंवा चिकट लागली तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. कानाची आतली बाजू, डोळ्याचं पांढरं, टाळू पिवळसर आहे का? दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते, की तंबूसारखी उभी राहते? ताप घेता आला तर घ्या. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

सिरप नको. त्याचं कारण खाली लिहीनच.

तिठा

तुम्ही केलेल्या वर्णनात एक धागा हाती लागतो. ज्या मांजराला मळमळतंय ते ताटली पाहून तोंड फिरवतं, ओठ चाटतं, गिळत राहतं, कधी ताटलीभोवती माती ओढल्यासारखं करतं. तुमचा बोका ताटलीपाशी येतोय, दाणा उचलतोय आणि टाकतोय. म्हणजे भूक आहे, पण तोंड दुखतंय. त्यात लाळ, शिंका, बोर्डिंग आणि चुकलेली लस : मांजरांच्या सर्दीचा, त्यातही कॅलिसीव्हायरसचा संशय घ्यायला भरपूर जागा आहे. या विषाणूने जिभेवर आणि टाळूवर व्रण उठतात.

तोंड पाहायचं असेल तर एका हाताने गालफडं वरून धरा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचे पुढचे बारीक दात हलकेच खाली दाबा. एक-दोन सेकंदच मिळतात. जिभेची टोकाकडची कड पाहा. सालपट निघाल्यासारखा लाल, गुळगुळीत गोल दिसला तर तो व्रण. जिभेखालीही नजर टाका. शिवणाचा दोरा किंवा मांजाचा तुकडा तिथे अडकलेला असू शकतो. तसा दिसला तर ओढू नका. दुसरं टोक आतड्यात असतं आणि ओढल्यावर दोरा आतडं कापतो.

अजून एक विचारतो : फरशी फिनाईलने पुसता का? मांजर पंजे चाटतं, फिनाईलमधल्या द्रव्यांनीही तोंड भाजतं आणि अशीच लाळ गळते. असेल तर आजपासून बंद.

कौलारू

इतकं घाबरण्यासारखं आहे का? आमच्याकडे म्हणतात, जनावर आजारी पडलं की लंघन करतं, भूक लागली की आपणच खाईल.

खारफुटी

@कौलारू, कुत्र्याच्या बाबतीत एखादा दिवस हे चालून जातं, मांजराच्या बाबतीत नाही. भूक लागेल तेव्हा खाईल या भरवशावर थांबल्यानेच बरीच मांजरं कावीळ होऊन दवाखान्यात येतात. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करायचा, पिलाने १२ तास.

आता सिरप. माणसांच्या भुकेच्या सिरपमध्ये बहुधा सायप्रोहेप्टाडीन असतं आणि डॉक्टर ते मांजरांनाही देतात, हे खरं. पण तोंडातल्या व्रणाला ते काय करणार? भूक वाढेल, दुखणं तिथेच राहील, आणि खायला गेलं की कळ येते हे मांजराच्या डोक्यात पक्कं बसेल. भूक वाढवणारं दुसरं औषध मिरटाझापिन, त्याचंही तेच. अमेरिकेत २०१८ पासून कानाच्या आत लावायचं त्याचं मलम मिळतं; आपल्याकडे डॉक्टर माणसांची गोळी देतात, १५ मिलिग्रॅमच्या गोळीचा साधारण आठवा भाग. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर दोन मात्रांमधलं अंतर वाढवावं लागतं. मात्रा जास्त झाली तर मांजर रात्रभर ओरडत, थरथरत फिरतं. म्हणून रक्त तपासूनच.

आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कदापि नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. आयबुप्रोफेनही नाही.

रानजाई

आज दुपारीच नेलं. जिभेच्या कडेला दोन व्रण आहेत, ताप १०३.४. रक्त तपासलं, बिलिरुबिन (काविळीचं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं) ठीक आहे. कातडीखाली सलाईन दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. उद्यापर्यंत स्वतः खाल्लं नाही तर सिरिंजने भरवा म्हणाले. किती आणि कसं ते गडबडीत विचारायचं राहिलं.

माजघर

कावीळ नाही हे फार चांगलं झालं, वेळेत गेलात.

सिरिंजच्या आधी नाक मोकळं करा. मांजर चवीवर नाही, वासावर जेवतं. चोंदलेल्या नाकाला बांगडाही पाण्यासारखाच. गीझरचं पाणी सोडून बाथरूम वाफेने भरा, बोका पिंजऱ्यात, तुम्ही शेजारी, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. गरम पाण्याचं पातेलं त्याच्याजवळ ठेवू नका. वाफेत निलगिरी, कापूर, बाम काहीही नको, मांजराला ही तेलं विषारी असतात. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकपुड्यांवरची खपली नरम करून पुसा. साधे सलाईनचे थेंब डॉक्टरांना विचारून एकेक घालता येतात. नाक मोकळं करणारे माणसांचे औषधी थेंब नाही.

नाक पुसून झालं की लगेच, त्याच पाच-दहा मिनिटांत खाणं पुढे करा. दाणे नकोत, व्रणाला टोचतात. ग्रेव्हीचं पाउच किंवा उकडलेलं चिकन मिक्सरमधून साईसारखं मऊ काढा. उकडताना मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तयार सूपमध्ये, बाळांसाठीच्या मटणाच्या तयार खाण्याच्या बाटल्यांमध्ये कांद्याची पूड असू शकते. वाटी गरम पाण्यात ठेवून खाणं अंगाइतकं कोमट करा, मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागू नये आणि गारही. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल असा भाग राहतो. वरून चिमूटभर जवळा, तोही आधी धुऊन मीठ काढून, कोरडा भाजून कुटलेला. त्या वासाला बरीच मांजरं उठतात. ताटली पसरट, कारण खोल वाटीत मिशा घासतात. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. दिवसभर पुढे पडून राहिलेलं खाणं मांजराच्या मनातून उतरतं.

दूध बंद. मोठ्या मांजराला ते पचत नाही, आणि या अवस्थेत जुलाब परवडणार नाहीत.

तिठा

सिरिंजचा हिशेब. ५.४ किलोच्या बोक्याला पडल्या पडल्या जगायलाही दिवसाला सुमारे २५० कॅलरी लागतात. तीन दिवसांच्या उपासानंतर एकदम तेवढ्या देऊ नका, पोट आक्रसलेलं असतं आणि रक्तातले क्षार अचानक घसरू शकतात. पहिल्या दिवशी ८०, दुसऱ्या दिवशी १६०, तिसऱ्या दिवशी २५०. आजारी मांजरांसाठीचं जे दाट खाणं डब्यात मिळतं त्यात साधारण मिलिलिटरला एक कॅलरी असते, म्हणजे पहिल्या दिवशी ८० मिली, २० मिली चार वेळा. ते मिळालं नाही तर पाउच वाटून गाळा, पण पाउचवरच्या आकड्यातून कॅलरी मोजा. पाणी घालून पातळ केलंत की त्याच २० मिलीत कॅलरी निम्म्या होतात. इथे बहुतेकांची गल्लत होते : भरवलं पुष्कळ, पोचलं थोडं.

पद्धत : ५ मिलीची सुईविना सिरिंज. बोका तुमच्याकडे पाठ करून मांडीवर किंवा ओट्यावर, पुढचे पाय टॉवेलमध्ये. डोकं सरळ, वर उचलायचं नाही. टोक बाजूने, सुळ्याच्या मागच्या फटीतून, जिभेवर अर्धा ते एक मिली. गिळलेलं दिसेपर्यंत थांबा, घसा हलताना दिसतो. मगच पुढचा घास. समोरून किंवा झटक्यात दाबलंत तर फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. खोकला आला की थांबा. ग्लानीत असेल, अंग गार असेल किंवा उलट्या होत असतील तर भरवायचंच नाही, सरळ दवाखाना.

रोज ठरल्या वेळी आधी ताटली, मग सिरिंज. धरायला गेलं की पळून पलंगाखाली लपू लागला, लाळ गाळू लागला, तर रेटू नका. डॉक्टरांना नळीबद्दल विचारा. नाकातून बारीक नळी किंवा भूल देऊन मानेतून अन्ननलिकेत बसवायची नळी. ऐकायला भीती वाटते, पण मानेच्या नळीने मांजर घरी राहतं, औषध-खाणं सगळं विनात्रास जातं, आणि ती असताना तोंडाने खायलाही हरकत नसते.

खारफुटी

डॉक्सीसायक्लीनबद्दल महत्त्वाचं. ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि नंतर नळी आकसते. गोळी दिली की लगेच ५-६ मिली पाणी त्याच सिरिंजने, हळूहळू. दुधातून देऊ नका, परिणाम कमी होतो. आणि कुठलंही औषध त्याच्या खाण्यात कालवू नका. कडू लागलं की ते खाणंच तो टाकेल.

रानजाई

पाचवा दिवस. दुखण्याचं औषध चालू झाल्यावर फरक पडला. काल सिरिंजने १६० मिली गेलं. आज सकाळी वाफेनंतर चिकनचं वाटण बोटावर घेऊन पुढे केलं, ते चाटलं, आणि मग ताटलीतून स्वतः खाल्लं, मोजून ३० ग्रॅम. वजन ५.३५ वर थांबलंय. लाळ कमी. आता सिरिंज बंद करू? आणि मनीचं काय?

तिठा

आज बंद नको. ३० ग्रॅम चिकन म्हणजे जेमतेम ४५ कॅलरी. २५० मधून त्या वजा करा, उरलेल्या सिरिंजने. स्वतःहून दोन दिवस सलग निम्म्याहून जास्त खाल्लं की सिरिंजची एकेक वेळ कमी करत जा, सकाळची आधी, कारण सकाळी त्याची स्वतःची भूक चांगली असते. वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर. सलग दोन दिवस घसरलं तर पुन्हा डॉक्टर. चिकन एकटं महिनोन्महिने चालणार नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं. व्रण भरले की त्याच्या नेहमीच्या दाण्यांचा कोमट पाण्यात भिजवून लगदा करून मिसळायला लागा.

खारफुटी

मनीला वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी आणि शी-शूचा ट्रे वेगळा. कॅलिसी भांड्यांवर, फरशीवर दिवसेंदिवस टिकतो. साबणाने धुऊन मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच, दहा मिनिटं, नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि वाळवा. आधी बोक्याला हात लावून मग मनीकडे जायचं असेल तर हात धुवा आणि कुर्ता बदला. बोका बरा झाल्यावरही काही आठवडे विषाणू टाकत राहतो. मनीची लस झाली आहे का ते कार्डावर पाहून इथे लिहा. ती शिंकली किंवा एक वेळ जेवली नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.