खेळ अर्ध्यात सुटलेला बॉक्सर कोच होऊ शकतो का?

मीनल_जालना:
माझा धाकटा भाऊ स्टेटपर्यंत बॉक्सिंग खेळला, मग वडील गेले, घरची ओढाताण सुरू झाली, आई शिलाई करते, त्यात याचा खांदा निखळला आणि ऑपरेशनला पैसे नव्हते म्हणून खेळ सुटला तो सुटलाच. आता रात्री गोडाऊनवर वॉचमन आहे, सकाळी ड्युटी संपली की घरी न येता सरळ मैदानावर जातो आणि वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवतो. यंदा त्यातल्या एकाने डिस्ट्रिक्टला मेडल काढलं तेव्हा हा लहान मुलासारखा रडला, स्वतःच्या मेडलला कधी रडला नव्हता. मामा म्हणतात आता खेळाचं खूळ सोड. मला मनापासून वाटतं त्याने कोचच व्हावं. पण स्वतः चॅम्पियन नसलेला माणूस कोच म्हणून उभा राहतो का? कुणाचं उदाहरण माहीत असेल तर सांगा, आणि कोर्स काय करायचा तेही.

रिंगसाईड:
ताई, राहतो. फ्रेडी रोच या बॉक्सिंग कोचचं नाव भावाला सांगा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमचा, बाप स्वतः बॉक्सर, घरात मारझोड, पोरांना लहानपणीच रिंगमध्ये उतरवलेलं. प्रोफेशनल झाला पण वर्ल्ड टायटल कधी मिळालं नाही. एडी फच हे त्याचे कोच, त्यांनी सांगितलं आता बास, डोक्यावर खूप मार बसतोय. याने ऐकलं नाही, वडिलांना कोच म्हणून घेऊन अजून खेळला आणि बहुतेक फाइट हरला. 1986 ला संपलं सगळं, वय 26. मग लास वेगासला हॉटेलात टेबलं पुसली, फोनवरून माल विकला. शेवटी त्याच फचच्या जिममध्ये गेला आणि बिनपगारी मदतनीस म्हणून काम करायला लागला, रोज. तुमचा भाऊ आज जे करतोय तेच की हे.

पुढे पार्किन्सन्स झाला, म्हणजे हातपाय थरथरण्याचा मेंदूचा आजार. तरी 1995 मध्ये हॉलीवूडला वाइल्ड कार्ड नावाची स्वतःची जिम काढली आणि 2001 मध्ये तिथे मॅनी पॅकियाओ नावाचा बॉक्सर आला, फिलिपिन्समधला, उपाशीपोटी वाढलेला. तेव्हा पॅकियाओ म्हणजे सगळा डाव्या हाताचा खेळ. रोचने वर्षानुवर्षं पॅड (पंच झेलायच्या हातातल्या गाद्या) धरून त्याचा उजवा हात तयार केला. आणि नजर बघा, 2007 ला रोचने ऑस्कर डी ला होया या नावाजलेल्या बॉक्सरला फ्लॉइड मेवेदरविरुद्धच्या फाइटसाठी तयार केलं होतं, तेव्हाच त्याला दिसलं की ऑस्करचा हात आता वेळेवर सुटत नाही. पुढच्या वर्षी पॅकियाओ वजनाने कितीतरी मोठ्या ऑस्करशी लढला, लोक म्हणत होते पोराचा जीव जाईल, रोच म्हणत होता आपण जिंकतो. आठव्या राउंडनंतर ऑस्कर स्टुलावरून उठलाच नाही, पॅकियाओ जिंकला. आता ही नजर टायटलमुळे आलेली नाही ना, स्वतः मार खाल्ला, स्वतःचे हात मंदावताना अनुभवले म्हणून आली.

इंफाळ_ते_पुणे:
वरचं पटलं, पण दुसरी बाजूही लक्षात घ्या. आपला डिंको सिंग. मणिपूरचा, अनाथाश्रमात वाढलेला, दहाव्या वर्षी अंबाल्याला सब-ज्युनियर नॅशनल जिंकला. 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये 54 किलोत गोल्ड, बॉक्सिंगमध्ये भारताला 1982 च्या कौर सिंगनंतर थेट तेव्हा गोल्ड मिळालं. मेरी कोम त्याच्याकडे बघून या खेळात आली. नंतर नेव्हीची नोकरी आणि इंफाळच्या साईमध्ये (सरकारचं भारतीय क्रीडा प्राधिकरण) कोचिंग. पण 2017 मध्ये लिव्हरचा कॅन्सर निघाला तेव्हा उपचारासाठी इंफाळचं घर विकावं लागलं, आणि 10 जून 2021 ला गेला, जेमतेम 42 वर्षांचा. पद्मश्री असलेल्या माणसाची ही वेळ. म्हणून भावाला कोच करा, जरूर करा, पण फुकट शिकवण्यावर ठेवू नका. हातात कागद हवा आणि पगाराची जागा हवी, हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या ओळखीत फार चांगले शिकवणारे आहेत, सर्टिफिकेट नाही म्हणून एका क्लबने सीझन संपल्यावर सरळ काढून टाकलं.

पॅडवाला:
कोर्सचं सांगतो. पटियाळाचं एनआयएस, म्हणजे कोच तयार करणारी सरकारी क्रीडा संस्था, तिथला एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा, सरकारी कोचच्या जागांना तोच विचारतात. त्याला साधारण पदवी मागतात आणि खेळातली कामगिरी बघतात, त्यामुळे स्टेटची सगळी सर्टिफिकेटं आत्ताच शोधून लॅमिनेट करून ठेवा. एक वर्ष घर सोडून जमत नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, शाळा आणि प्रायव्हेट अकॅडमीत त्यावर सुरुवात होते. अटी त्या त्या वर्षीच्या नोटिशीत नीट वाचा. आणि खांदा आधी दाखवा, पॅड धरताना प्रत्येक पंचचा झटका खांद्यावरच येतो, दुखऱ्या खांद्याने तासभर पॅड धरले तर तोही जायचा.

मीनल_जालना:
सगळ्यांचे खूप आभार, खांद्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं शिक्षण बारावी आहे, रात्रीची ड्युटी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बीए केलं तर चालेल का?

पॅडवाला:
चालेल की, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पदवीला यूजीसीची मान्यता आहे. तोपर्यंत सहा आठवड्यांच्या कोर्सची चौकशी करा, आणि जे पोरगं डिस्ट्रिक्टला जिंकलं त्याच्या सर्टिफिकेटची एक झेरॉक्स भावाच्या फाइलला लावा, कोच म्हणून इंटरव्ह्यूला तीच दाखवता येईल.