इथेनॉलने रबर खाल्लं म्हणे! मग नुसतं पेट्रोल काय करत होतं?

पिस्टन (धागाकर्ता)

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या रुळावरून धावते. रबर फुगलं, टाकी गंजली, ॲव्हरेज पडलं, आमचं जुनं 'शुद्ध' पेट्रोल परत द्या. मला या शुद्ध शब्दाचंच हसू येतं. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांची खिचडी आणि मुळातच एक जोरदार सॉल्व्हंट. नैसर्गिक रबराचा तुकडा त्यात टाकून ठेवा, इथेनॉलचा थेंबही नसताना फुगून मऊ पडतो. म्हणून तर इंधनाच्या नळ्यांसाठी पेट्रोलला दाद न देणारी रबरं शोधावी लागली.

दुसरं, ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची इंधनाची कुवत. ते वाढवायला 1921 साली टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं आणि पुढची कित्येक दशकं आपण धुरातून शिसं फुंकत राहिलो. मोटारींच्या पेट्रोलमधून ते जगभरातून हद्दपार व्हायला 2021 उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया. मधल्या काळात बेंझिनसारखी ॲरोमॅटिक्स (कड्याच्या आकाराच्या रेणूंची हायड्रोकार्बनं) वाढवून पाहिली, एमटीबीई हे ऑक्टेन वाढवणारं रसायन घालून पाहिलं. या सगळ्या यादीत इथेनॉल सगळ्यात कमी वाईट आहे. चार ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबरी कड्या) बदलाव्या लागतात म्हणून त्याला झोडपणं मला पटत नाही.

जुनी_फटफटी

चार ओ-रिंगा! साहेब, शेवटचा कार्ब्युरेटर कधी उघडलात?

मी उघडतो. दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीचा फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरमधली इंधनाची वाटी) खोलला की तळाशी पांढरट पीठ बसलेलं असतं. ते पेट्रोलमधून आलेलं नसतं, बाऊलच्या जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचंच झिजून झालेलं असतं. पायलट जेट (इंधन जायचं बारीक छिद्र) त्यानेच चोंदतो. आणि बाऊलची रिंग एकदा काढली की परत आपल्या खाचेत बसत नाही, घेर वाढलेला असतो. तासाभराने ती सुकून आकसते, मग बसते, आणि दुसऱ्या दिवशी गळते.

इथेनॉल पाणी ओढतं हेही सांगा की. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासोबत पेट्रोलची साथ सोडून तळाला जातं. टाकीतून इंधन तळातूनच उचललं जातं. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरलेलं असतं.

चंबूवाला

दोघांनीही अर्धं अर्धं सांगितलंय.

रबराचं आधी. काही रबरं, विशेषतः जुनं नायट्राइल, पेट्रोल-इथेनॉलच्या मिश्रणात जितकं फुगतं तितकं नुसत्या पेट्रोलमध्येही नाही आणि नुसत्या इथेनॉलमध्येही नाही. त्यामुळे 'पेट्रोलनेही फुगतंच की' हा पिस्टन यांचा मुद्दा तोकडा आहे. पण फटफटी यांनाही एक सांगतो. 1993 मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचं डिझेल आलं. त्यात इथेनॉल नव्हतंच. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत ॲरोमॅटिक्स कमी झाली आणि वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली नायट्राइल सील आकसली. पंप गळायला लागले. म्हणजे सील नुसत्या फुगण्याने मरत नाही. ज्या इंधनाची सवय झाली ते बदललं की मरते, मग बदल कुठल्याही दिशेचा असो. फ्लोरोकार्बन रबर वापरलं की हा त्रास बराचसा संपतो.

आता पाणी. 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण 15 अंश सेल्सिअसला अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं. दहा लिटरच्या टाकीत हे झाले 50 मिलिलिटर. हवेतल्या दमटपणातून एवढं पाणी आठवड्याभरात येत नाही. ते बहुधा सैल झाकणातून किंवा साठवणुकीच्या टाकीतून आलेलं असतं. उलट नुसत्या पेट्रोलमध्ये एवढं पाणी मावतच नाही, ते लगेच तळाशी जाऊन बसतं आणि पत्रा गंजवतं.

ॲव्हरेज मात्र पडतंच, त्यात वाद नको. लिटरमागे पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये 21. दहा टक्के मिश्रणाला साधारण 3 टक्के ऊर्जा कमी, वीसला 6 ते 7.

जुनी_फटफटी

'फ्लोरोकार्बन वापरलं की संपतो' हे नव्या गाडीला ठीक. माझ्या गाडीचं डायफ्रॅम (इंधनाकडचा रबरी पडदा) त्या रबरात कोणी बनवतच नाही. इंधन बदलणाऱ्याने बदललं, भुर्दंड माझ्या माथी.

पिस्टन

शिसं काढलं तेव्हाही नेमकी हीच ओरड होती. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखा जपायचा. शिसं गेलं, मऊ सीट झिजायला लागल्या, मग कडक सीट बसवाव्या लागल्या. म्हणून काय शिसं ठेवायचं होतं?

आणि उभ्या गाडीचं म्हणाल तर बिनइथेनॉलचं पेट्रोलही हवेशी संयोग पावून डिंक धरतंच. त्यातली ऑलिफिन्स ही चटकन बिघडणारी हायड्रोकार्बनं ऑक्सिडाइज होतात, तांब्याची नळी असेल तर आणखी लवकर. जेट तेव्हाही चोंदायचे, फक्त पिवळट वार्निशने.

विहिरीतला_बेडूक

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. गाडीच्या रबराबद्दल एवढी तळमळ, आणि जमिनीखालच्या टाकीबद्दल चकार शब्द नाही!

माझा आक्षेप थेट धागाकर्त्याच्या 'सगळ्यात कमी वाईट' या निवाड्याला आहे. असलाच निवाडा एकदा एमटीबीईबद्दल झाला होता. हवा स्वच्छ होते म्हणून ते पेट्रोलमध्ये घातलं गेलं. हवेचं काही अंशी भलं झालंही. पण एमटीबीई पाण्यात सहज मिसळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणूंना चटकन पचत नाही. टाकीला भेग पडली की ते भूजलाच्या बरोबरीने धावतं. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाला विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. पाण्यात ते इतकं थोडं असलं तरी तोंडाला कळतं की ग्लास खाली ठेवावा लागतो. शेवटी 2004 पासून तिथे त्याच्यावर बंदी आली.

इथेनॉल तसं नाही, जिवाणू त्याचा चट्टामट्टा करतात. पण गोम तिथेच आहे. गळतीच्या जागी ते आधी इथेनॉलवर ताव मारतात आणि त्यात भूजलातला ऑक्सिजन संपवतात. बेंझिन तसंच पडून राहतं आणि त्याचा पट्टा लांबवर सरकतो. बेंझिनने कॅन्सर होतो याबद्दल आता शंका उरलेली नाही.

पिस्टन

बेडूकराव, बेंझिन आलं कुठून? इथेनॉलमधून नाही, पेट्रोलमधूनच ना? मग बेंझिनवर मर्यादा घाला, टाक्या दुहेरी भिंतीच्या करा. उलट इथेनॉल ऑक्टेन देतं म्हणून तर ॲरोमॅटिक्स कमी करायला वाव मिळतो.

विहिरीतला_बेडूक

वाव मिळतो, पण तो कोणी घेईलच असं नाही. आणि टाकीची भिंत दुहेरी केली तरी सांध्यांतली सील आणि तळाचं पाणी जिथल्या तिथेच. वर चंबूवाल्यांनी सांगितलेलं तेच नायट्राइल त्या पाइपांतही असतं.

शिवाय वाफ. थोडं इथेनॉल घातलं की पेट्रोलचा बाष्पदाब (वाफ होण्याचा जोर) साधारण 7 किलोपास्कलने चढतो. पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास हा चढ सर्वात जास्त असतो, पुढे उतरतो. प्लॅस्टिकच्या टाकीतूनही इथेनॉलमिश्रित इंधन जास्त झिरपतं. भिंत शाबूत असते, कुठे थेंब दिसत नाही, पण वाफ जात राहते आणि उन्हात तिच्यापासून जमिनीलगतचा घातक ओझोन तयार होतो.

सरळमार्गी

एवढं डोकं कशाला खाताय? विजेवर चाला.

चंबूवाला

@सरळमार्गी, वेगळा धागा काढा, येतो.

@बेडूक, बाष्पदाबाचं बरोबर. पण त्यासाठी मूळ पेट्रोलमधलं ब्युटेन, म्हणजे चटकन उडणारा घटक, कमी करतात, उन्हाळ्यात तर करावंच लागतं. झिरपण्यावर आतून अडथळ्याचा थर दिलेल्या टाक्या आहेत. यातलं काही फुकट होत नाही, एवढं मान्य.

पिस्टन

ब्राझील 1975 पासून हे करतोय. 2015 पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये 27 टक्के इथेनॉल असायचं. गाड्या धावत होत्याच.

जुनी_फटफटी

तिथल्या गाड्या त्याच इंधनासाठी घडवलेल्या असतात हो! माझं मागणं साधं आहे. पंपावर टक्केवारी ठळक लिहा आणि जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलची एक वेगळी नळी ठेवा. माझं इथेनॉलशी भांडण नाही, न सांगता बदलण्याशी आहे.

पिस्टन

टक्केवारी लिहायला माझा पूर्ण पाठिंबा. पण वेगळ्या नळीला जमिनीत वेगळी टाकी पुरावी लागेल. बेडूकरावांना विचारा चालेल का.

विहिरीतला_बेडूक

आहे त्या टाकीची गळती आधी तपासून दाखवा, मग दुसऱ्या खड्ड्याचं बोलू.