स्थलांतरिताचा हिशेब कोणी मांडायचा?

वाडीतला:
गिरणगावावरच्या कथाकवितांत ‘गावाच्या नावाने काढलेल्या उमाळ्यांपलीकडे’ काही नाही, स्थलांतर समजून घ्यायचे तर अर्थशास्त्र वाचावे, असे ‘अर्थवट’ यांनी काल येथे लिहिले. अशा विधानांना मी सहसा उत्तर देत नाही, पण हे सोडून देणे मला जमले नाही.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून परळच्या गिरणीत आले. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या मांडणीत ते शेतीतले ‘अतिरिक्त’ मनुष्यबळ ठरतात, म्हणजे असा माणूस निघून गेला तरी पीक घटत नाही. आमचे घटले. नांगर धरायला कोणी न उरल्याने वरकस जमीन पुढच्याच पावसाळ्यात पड राहिली. मुंबईत ते गाववाल्यांच्या खोलीत राहत. तेथे प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि एक ट्रंक येई, आणि रातपाळीवाला उठून गेल्यावर त्याच वळकटीवर दिवसपाळीवाला आडवा होई. गावात त्यांना मुंबईकर म्हणत आणि मुंबईत कोकण्या. जनगणना जन्मस्थान विचारते, याआधीचे राहण्याचे ठिकाण विचारते आणि पुढच्या घरी जाते. या दोन नावांचा रकाना कोणत्या तक्त्यात आहे, ते कृपया दाखवावे.

अर्थवट:
आपले अर्थशास्त्र १९५४ मध्येच थांबले, त्याला माझा इलाज नाही. हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० मध्ये दाखवले की माणूस हातात पडणाऱ्या पगाराकडे नव्हे, तर पगार गुणिले काम मिळण्याची शक्यता या अपेक्षेकडे बघून शहरात येतो, म्हणून शहरात बेकारी असतानाही लोंढा थांबत नाही. गिरणीच्या फाटकावर रोज सकाळी उभे राहणारे बदली कामगार म्हणजे हेच सूत्र चालते-बोलते. पुढे १९८५ मध्ये स्टार्क आणि ब्लूम यांनी सांगितले की निर्णय एकट्याचा नसून कुटुंबाचा असतो आणि एकाला शहरात पाठवणे हा शेतीच्या बेभरवशावर काढलेला विमा असतो. आपले आजोबा त्यात अगदी नीट बसतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली होती. जे सांगायला कथेला शंभर पाने लागतात, ते या दोन ओळींत आले.

माहेरवाशीण:
त्या ११२२ मधल्या वरच्या एकशे बावीस जणींना कोणी काही विचारले होते का? ‘निर्णय कुटुंबाचा’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने आमच्याकडची कुटुंबे पाहिलेली नसावीत. कवींचीही वेगळी तऱ्हा नाही. अण्णा भाऊ साठेंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छकडीतली, म्हणजे लावणीच्या धाटणीच्या गाण्यातली, मैना वाचता वाचता संयुक्त महाराष्ट्रातून तुटलेला मुलूख होते, पण तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे कळत नाही.

माझी आई लग्न होऊन खेडहून लालबागला आली आणि तिसऱ्या महिन्यापासून चौदा गिरणीवाल्यांची खाणावळ सांभाळू लागली. पहाटेच्या पाळीचे डबे भरण्यासाठी ती तीन वाजता स्टोव्ह पेटवी. जनगणनेच्या लेखी तिच्या स्थलांतराचे कारण ‘विवाह’, आणि त्या रकान्यातल्या बायकांना आर्थिक स्थलांतरित कोणी म्हणत नाही.

वाडीतला:
ताई, जात्यावरच्या ओव्यांत मुंबईला गेलेला धनी किती येतो, हे आपण जाणताच. बाईचे म्हणणे नोंदलेच नाही, असे म्हणणे मला पटत नाही.

माहेरवाशीण:
जात्याशी म्हटलेले जात्यापाशीच राहिले. तिचे ऐकून गाडी कोणाची चुकली, एवढे सांगा.

रिंगखाते:
एकाचे आजोबा आणि एकीची आई ऐकली, आता माझ्या आजोबांचे ऐका. ते साताऱ्याकडचे, महार. पगार गुणिले शक्यता हे सूत्र त्यांना लावून दाखवा. चांगला पगार विणकाम खात्यात होता आणि त्या खात्याचे दार त्यांना बंद होते, कारण मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आजोबांचा जन्म रिंग खात्यात, म्हणजे कमी पगाराच्या सूतकताईत, गेला.

अर्थवट:
प्रत्येक धागा जातीवर नेलाच पाहिजे का? विषय स्थलांतराचा आहे.

रिंगखाते:
मी कोठेही नेला नाही, आजोबांच्या बोचक्यातून तो मुंबईत आला होता. आणि वाडीतल्यांनी ज्या खुंटीचे एवढे कौतुक केले, ती माझ्या आजोबांना मिळाली नसती. गाववाल्यांच्या खोलीत गावच होते, गावकुसासकट. ते बीडीडी चाळीत राहिले आणि गावाकडे परत जाण्याचा उमाळा त्यांना एकदाही आला नाही.

वाडीतला:
खोलीविषयी आपण म्हणता ते खरे आहे. माझ्या लिहिण्यात ते यायला हवे होते, आले नाही. मात्र त्यामुळे अर्थवट यांचा ‘उमाळा’ खरा ठरत नाही. नारायण सुर्वे हे गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेले मूल. त्यांना उमाळा यायला गावच नव्हते.

अर्थवट:
ठीक. शक्यता जातवार वेगळी मांडावी लागेल, एवढे मान्य. सुर्व्यांपुरता ‘उमाळे’ हा शब्दही मागे घेतो. समस्त कविवर्गाला याचा आनंद व्हावा. पण वाडीतल्यांनी अजून एकही आकडा दिलेला नाही.

वाडीतला:
देतो. आजोबांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पोचपावत्या सुतळीने बांधून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर आजीचा डाव्या हाताचा अंगठा. काल रात्री मोजल्या, दोनशे सतरा भरल्या. शेवटची डिसेंबर १९८१ ची. पुढच्या महिन्यात, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर वर्षभर आजी एसटीच्या टपावरून तांदळाचे पोते मुंबईला पाठवत होती. त्याची पावती कोणी फाडली नाही, त्यामुळे किती पोती गेली ते सांगता येणार नाही.

अर्थवट:
पोती आजीने स्वतःच्या मर्जीने पाठवली, की घरातल्या कोणा पुरुषाने पाठवायला सांगितली?

माहेरवाशीण:
चला, विचारावेसे वाटले तरी.

वाडीतला:
गावी आजोबांचे धाकटे भाऊ होते, त्यांचा विरोध होता. ती पहाटे त्यांच्या उठण्याआधी पोते डोक्यावर घेऊन थांब्यावर जाई.