चिलरमधलं ग्लायकॉल पातळ झालंय: किती काढू, किती भरू?

द्राक्षमळा_दिंडोरी
वाइनरीत जानेवारीत गाळप सुरू होईल, त्याआधी टाक्या गार ठेवणारा चिलर तपासतोय. लूपमध्ये (चिलर ते टाक्या फिरणाऱ्या पाइपांत) एकूण ४०० लिटर, पाणी आणि ते गोठू नये म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल. द्राक्षाची गोडी बघायच्या ब्रिक्स मीटरवर १६ दाखवतंय. सेट पॉइंट (चिलरला लावलेलं तापमान) उणे ४, पीएच पट्टीवर ८ च्या जवळ. चालेल का? कमी असेल तर किती घालू? बोअरचं पाणी टाकलं तर?

गारवा_सातपूर
नाही चालणार. ब्रिक्स १६ म्हणजे ग्लायकॉल साधारण २२ टक्के, ते उणे ८ च्या आसपास गोठायला लागतं. सेट पॉइंट उणे ४ असला तरी इव्हॅपोरेटरच्या (जिथे चिलरचा गॅस ग्लायकॉलला गार करतो) प्लेटा त्याहून ५-६ अंश गार असतात, बर्फ आधी तिथेच धरतो. प्लेट फुटली की पाणी गॅसच्या लाइनीत शिरतं आणि कॉम्प्रेसरही जातो.

३० टक्क्यांवर आणा. तेव्हा मीटर २१ च्या आसपास दाखवेल, गोठणबिंदू उणे १३ च्या जवळ. ‘जास्त घातलं तर बरं’ म्हणून ५० वर नेऊ नका. द्रावण दाट होतं, पंपावर लोड येतो, टाकीपर्यंत गारवा कमी पोचतो.

हिशेब असा: एकूण लिटर × (हवे टक्के − आहेत ते टक्के) ÷ (१०० − आहेत ते टक्के). तुमचं ४०० × ८ ÷ ७८, म्हणजे ४१ लिटर काढायचं आणि तेवढंच निव्वळ ग्लायकॉल भरायचं. कॅनमध्ये आधीच पाणी मिसळलेलं असेल तर हा हिशेब चुकेल, लेबल वाचा. मग कॉम्प्रेसर बंद, टाक्यांभोवतीच्या सगळ्या जॅकेटचे वॉल्व्ह उघडे, नुसता पंप २-३ तास फिरवा आणि पुन्हा मोजा.

अंबड_फिटर
मोजताना रिटर्न लाइनचा (टाक्यांकडून परत येणाऱ्या पाइपाचा) पहिला अर्धा लिटर सोडून द्या. नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मीटर आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावा. थेट उणे ४ चा थेंब टाकला की आकडा चुकतो.

बोअरचं पाणी नकोच. फूड ग्रेड ग्लायकॉलमधला गंजरोधक बहुतेक फॉस्फेटचा असतो, जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जमून तो गाळ होऊन खाली बसतो. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घ्या. लूपमध्ये कुठे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर तोही बदला, जस्ताचं आणि गंजरोधकाचं पटत नाही.

द्राक्षमळा_दिंडोरी
आभार दादा. गाडीचं कूलंट स्वस्त पडतं, ते घालू का? आणि हायड्रोमीटर आहे, तो चालेल?

गारवा_सातपूर
कूलंट अजिबात नको. ते बहुतेक एथिलीन ग्लायकॉलचं असतं, विषारी. जॅकेटला बारीक चीर पडली तर ते वाइनमध्ये. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी रंग काहीच सांगत नाही.

हायड्रोमीटर ठेवून द्या. प्रॉपिलीनची घनता ७० टक्क्यांच्या आसपासपर्यंत वाढते आणि पुढे उतरते, एकाच आकड्याची दोन उत्तरं निघतात.

पीएच ८ म्हणजे काठावर. गंजरोधक असलेलंच ग्लायकॉल भरा, शक्यतो आधीच्याच कंपनीचं. ७ च्या खाली गेला तर सगळं काढून लूप धुवायचा. काढलेलं नाल्यात सोडू नका, ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) थोडं थोडं द्या.

अंबड_फिटर
२२ पर्यंत उतरलं कसं, ते आधी शोधा भाऊ. ग्लायकॉल उडून जात नाही. ग्लायकॉलच्या टाकीवर नळाचा बॉलकॉक असेल तर कुठेतरी गळतंय आणि तो गुपचूप पाणी भरतोय. ४१ लिटर ओतण्याआधी तो बंद करा, टाकीच्या काचेवर खूण करून दोन दिवस पातळी बघा.